खालचा हिमोढ

“काका, खाली पेट आलात ना?” सोनिकाने विचारले, आणि कोटाची बाही वर सरकवीत असलेला अभिरामरावांचा हात जागच्या जागी थबकला. प्रश्नात वावगे काही नव्हते. कंपू मोहल्ल्यातल्या त्या रक्ततपासणीच्या दुकानात सकाळपासून प्रत्येकाला तो विचारला जात होता, आणि कानांना मफलर गुंडाळलेली माणसे ‘हाँ, खाली पेट’ म्हणून निमूटपणे हात पुढे करीत होती. परंतु अभिरामरावांच्या कानांना ही जुनीच खोड होती. सारे आयुष्य ग्वाल्हेरात काढूनही हिंदीने मराठीला लावलेले प्रत्येक ठिगळ त्यांना खुपत असे, आणि खुपले की ते बोलून दाखविल्यावाचून त्यांच्याने राहवत नसे.

“पोट खाली कसं असेल गं? ते आहे आपल्या जागी, मध्यभागी. रिकाम्या पोटी आलात ना, असं विचारावं.”

“कॉलेजातही असेच पकडायचे तुम्ही,” सोनिका हसली. दंडाला रबरी पट्टी आवळून तिने शीर चाचपली. “पण लिहिता तर तुम्हीही. त्या बाटलीवर ‘खाली’ तुमच्याच अक्षरात होतं.”

“कुठल्या बाटलीवर?”

“दिल्लीच्या हो, पांढऱ्या रेतीच्या. ब्लँकवाली. मी मंजिरीताईंना विचारलं पण होतं, ताई, ये खालीवाली कौनसी है? तर म्हणाल्या, अगं ब्लँक आहे ती, बाबांनी खाणीतली कोरी रेती पाठवलीय.” सुई आत गेली होती. नळीत काळसर लाल रेघ चढू लागली. “तीच तर गंदी निघाली ना काका. मूठ सोडा आता.”

हे तिने तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. मागे कधी तरी चुकलेल्या गाडीविषयी बोलावे, तितक्याच सहजपणे ती बोलली, आणि नळीवर त्यांचे नाव लिहून पुढल्या माणसाकडे वळली. जाता जाता एवढेच म्हणाली, की आता पोटभर जेवून घ्या आणि दोन तासांनी दुसऱ्या रक्तासाठी या. तोवर इथली गर्दीही ओसरलेली असेल.

अभिरामराव दंडावर कापूस दाबून बाकावर बसून राहिले. त्यांच्या अंतःकरणात जो पहिला भाव उमटला, तो पुढे दिवसभर त्यांना लाजवीत राहिला. कारण तो निव्वळ आनंदाचा होता. मी विसरलो नव्हतो. मी ती बाटली पाठविली होती. माझे चित्त अजून माझ्या ठिकाणी आहे. समोर एक म्हातारी खोकत होती, काचेच्या दारातून थंडीतले पांढुरके ऊन आत आले होते, आणि एखाद्या कैद्याला बेड्या काढल्यावर मनगटे हलकी वाटावीत तसे त्यांना हलके वाटत होते. ज्या मुलीने त्या बेड्या नकळत काढल्या, तिचा विचार त्यांच्या मनात आला तो नंतर.

ते रस्त्यावर आले. टेम्पोवाला ‘बाड़ा, बाड़ा’ ओरडत होता. त्याला हातानेच नको म्हणून ते चालू लागले. शरदात दिल्लीच्या प्रयोगशाळेतून मंजिरीचा फोन आला होता, तो त्यांना शब्दन् शब्द आठवत होता. ‘बाबा, खालच्या हिमोढाची रेती पाठवली होती का? आमच्याकडे वरची आणि मधलीच आहे.’ पाठविली असावी, असे ते म्हणाले होते. ‘नाही आली हो. विसरला असाल तुम्ही.’ विसरला असाल. मुलगी सहज बोलून गेली. परंतु त्या दोन शब्दांनी घरात पाऊल ठेवले आणि मग ते बाहेर गेलेच नाहीत. चष्मा सापडेना, तर विसरला असाल. दुधाची पिशवी बाहेरच राहिली, तर विसरला असाल. पत्नी पद्माबाई थट्टेने म्हणत, “उद्या मलाच विचाराल, बाई, आपण कोण म्हणून.” ती थट्टाच होती, परंतु ते हसू शकत नसत. कारण त्यांनी आपल्या वडिलांचा शेवट पाहिला होता. कृष्णराव ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या पाठशाळेत संस्कृत शिकवीत. अखेरच्या वर्षांत ते मुलाचे नाव विसरले, घरातले न्हाणीघर विसरले. विभक्ती मात्र कधी चुकले नाहीत. समोर बसलेल्या मुलाला ‘आपण कोणाचे?’ असे विचारून ते स्वतःच ‘कस्य, कयोः, केषाम्’ असे रूप चालवीत बसत. त्या ‘कस्य’चे भय गेले काही महिने अभिरामरावांच्या उशाशी होते. आजचे रक्तही त्यासाठीच दिलेले. डॉक्टर म्हणाले होते, कदाचित एखादे जीवनसत्त्व कमी असेल, साखरही एकदा पाहून घेऊ.

आणि हे सारे एका अव्ययावरून! मराठीत खाली म्हणजे अधः. हिंदीत खाली म्हणजे शून्य, रिक्त. हिमाचलातल्या लाहौलमध्ये, भूशास्त्राचे अध्यापक म्हणून ते जिथे वर्षानुवर्षे जात त्या खोऱ्यात, हिमोढांच्या तीन रांगा होत्या. हिमनदी पुढे सरकताना जे दगडधोंडे ढकलीत आणते, आणि वितळून मागे हटताना जिथल्या तिथे टाकून जाते, त्यांचा बांध म्हणजे हिमोढ. तिथल्या धोंड्यांतली गारगोटी फोडून, कुटून, आम्लांनी धुऊन तिची शुभ्र रेती त्यांनी घराच्या गच्चीवर वाळविली होती आणि तीन बाटल्यांवर लिहिले होते: वर, मधली, खाली. बाळबोध वळणाचे, टपोरे अक्षर. कोऱ्या नमुन्याची बाटली पूर्वी ते पाठवीत, तेव्हा तिच्यावर ‘कोरी’ असेच लिहीत. परंतु मंजिरीला दिल्लीत जाऊन किती वर्षे लोटली होती, आणि ग्वाल्हेरात होती तेव्हा तरी ती स्वप्ने कोणत्या भाषेत पाहत होती, हे त्यांनी कधी विचारले नव्हते. बापाच्या हातचा ‘खाली’ तिने वाचला आणि तिला तो रिकामा दिसला. यात तिचा अपराध कोणता? धोंडे वाहून आणणारा बर्फ निघून गेला, की परक्या मुलुखात ते धोंडे तेवढे उरतात. तसेच इथल्या आपल्या मराठी घराण्यांचे झाले आहे, असा एक विचार त्यांच्या मनात डोकावला. परंतु तो फार सुबक होता, आणि सुबक विचारांवर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी तो बाजूस सारला.

फूलबागेच्या एका बाकावर ते टेकले. जेवायचे होते, परंतु भूक कुठल्या कुठे गेली होती. दूरवर किल्ल्याचा कडा धुरकट उन्हात उभा होता. कोणताही खडक पाहिला की तो किती काळ उघडा पडला आहे, हा प्रश्न त्यांचे डोळे आपोआप विचारीत. विद्यार्थ्यांना ते सांगत: आकाशातून अहोरात्र अदृश्य कणांची वृष्टी होत असते. गारगोटीवर ते कण आदळले की तिच्यात बेरिलियमचे एक दुर्मिळ रूप तयार होते, थेंब थेंब साचावे तसे. धोंडा जोवर शेकडो हात जाडीच्या बर्फाखाली आहे, तोवर त्याच्यात काही साचत नाही. बर्फ हटतो, धोंडा उघडा पडतो, आणि त्या दिवसापासून त्याचे मोजमाप सुरू होते. म्हणून साचले किती ते मोजावे, म्हणजे बर्फ केव्हा मागे हटला ते कळते. सर्वांत खालच्या हिमोढावरून तो कुठवर आला होता, हेही कळते. आणि ह्या मोजणीत आपल्या हातचा मळ किती मिसळला हे ओळखण्यासाठी खोल खाणीतली, आभाळ कधीच न पाहिलेली रेती त्याच क्रियांतून न्यावी. तिच्यात जे काही सापडेल ते प्रयोगशाळेचे पाप. तोच कोरा नमुना. दिल्लीत कोरी म्हणून यंत्रावर चढविलेल्या बाटलीत बेरिलियम सापडले, ते पुष्कळ सापडले. अर्थ एकच निघाला: भांडी नीट धुतली गेली नव्हती. भांडी धुणे सोनिकाकडे होते. तिच्या कराराची मुदत वाढवली गेली नाही. रसायनशास्त्रातली एम.एस्सी. झालेली, कंपूतल्या जुन्या शिपाईगड्यांच्या घराण्यातली ही मुलगी अभिरामरावांच्याच शिफारशीने तिथे लागली होती, आणि आता ती लोकांच्या दंडाला रबरी पट्ट्या आवळीत होती.

मंजिरीने तेव्हा फोनवर म्हटले होते, “हात साफ नाही बाबा तिचा.” आणि त्यावर आपण काय बोललो, ते अभिरामरावांना ह्या क्षणी इतके स्पष्ट ऐकू आले, की त्यांनी शेजारी कोणी बसले आहे का ते वळून पाहिले. ते म्हणाले होते, “रसायनशाळेत सोवळं पाळावं लागतं. ते रक्तातच असावं लागतं.” कृष्णरावांच्या घरातले ते वाक्य होते, पाटावर बसलेल्या, ओले धोतर नेसलेल्या पिढ्यांचे. ते त्यांच्या तोंडून आपोआप आले होते. एखाद्या धोंड्यावर हातोडी चालविण्यापूर्वी त्याच्या माथ्याला हात लावून नमस्कार करणारा हा माणूस एका जिवंत मुलीच्या हातांविषयी असे बोलला होता. त्या वेळी ते वाक्य त्यांना सुभाषितासारखे गोड वाटले होते.

त्यांनी मंजिरीला फोन लावला.

“हां बाबा. रक्त दिलंत का? काय म्हणाले?”

“दिलं. मंजिरी, त्या कोऱ्या नमुन्याचा आकडा किती होता?”

“कुठल्या?”

“सोनिकाच्या वेळच्या.”

“अहो, सोडा ना ते. बहुत ज़्यादा होता. वरच्या धोंड्यांच्या दुपटीहून जास्त. इतनी गंदगी, विचारू नका. बीकरमध्ये नमुनाच राहिला असेल आधीचा.”

दुपटीहून जास्त.  वरचा हिमोढ पंधरा हजार वर्षांचा आहे, हे बहुतेक ठरलेले होते. म्हणजे खालचा तीस हजारांच्या पलीकडचा, ऐन हिमयुगातला. म्हणजे तो हिमोढच होता. तो दरडीचा ढिगारा आहे, तिथवर बर्फ कधी आलाच नव्हता, असे विद्वानांनी त्यांना परिषदांतून सौम्य हसत हसत सांगितले होते, आणि ते तरुणपणापासून एकटेच म्हणत आले होते की बर्फाची टोपी साऱ्या खोऱ्यावर होती, खाली जवाच्या शेतांपर्यंत. सबंध आयुष्याचा प्रश्न; आणि त्याचे उत्तर दिल्लीच्या यंत्राने शरदातच दिले होते. सर्वांनी मिळून त्या उत्तराला घाण म्हटले आणि ते मोरीत ओतले.

“ती कोरी नव्हती, मंजू,” ते म्हणाले. “ती खालच्या हिमोढाची होती. मी मराठीत लिहिलं होतं.”

 पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, दार लागल्याचा आला. मंजिरी बोलू लागली तेव्हा तिचा स्वर खाली गेला होता.

“बाबा, पक्का?”

“दुपटीहून जास्त, हे तूच सांगितलंस.”

“हे भगवान.” ती थांबली. “मतलब मी... मीच चढवली ती ब्लँक म्हणून. यादीत मीच लिहिलं.” पुन्हा थांबली. लहानपणी खोटे बोलण्यापूर्वी नव्हे, तर खरे बोलून झाल्यावर तिचा श्वास असा अडखळत असे. “ऐका. पुढच्या आठवड्यात माझा इंटरव्ह्यू आहे, पक्क्या जागेचा. आत्ता हे निघालं तर पहिलं हेच विचारतील, लेबल वाचता येत नाही का तुम्हाला. तुमच्याकडे ती रेती उरली असेल ना?”

“आहे थोडी.”

“मग पाठवा परत. नवा नंबर घालू. कोणाला काही सांगायची गरज नाही. तुमचा खालचा हिमोढ निघेल, पेपरमध्ये येईल, अपना काम हो जाएगा. जुनी बॅच तशीही फेकलेलीच आहे.”

“आणि सोनिका?”

“तिला लागली ना तिथे नोकरी. मी बघते बाबा, नंतर. तुम्ही तिला काही बोलू नका, प्लीज. आत्ताच नको.”

फोन ठेवल्यावर ते तसेच बसले. बागेतली कारंजी बंद होती. एक माळी सुकलेल्या वाफ्यात पाइप ओढीत होता. आपली मुलगी वाईट नाही, असे त्यांनी स्वतःला सांगितले, आणि ते खरेही होते. हीच मुलगी दहाव्या वर्षी पायाला फोड येईतो त्यांच्यासोबत चढण चढली होती, आणि धोंड्याच्या कोणत्या बाजूवर आभाळ पडते हे तिला न शिकविता कळले होते. पक्क्या जागेसाठी तिने किती वर्षे तात्पुरत्या खुर्च्यांवर काढली, तेही त्यांना ठाऊक होते. शिवाय तिने जे सुचविले त्यात असत्य कुठे होते? रेती खरीच होती. आकडा खराच येणार होता. बर्फ खरोखरीच तिथवर आला होता. फक्त एका जागी, जिथे कोणाची दृष्टी जाणार नाही अशा जागी, एका मुलीच्या हातांवर थोडी घाण राहून जाणार होती, आणि त्या घाणीवर त्यांचे आयुष्यभराचे मत उभे राहणार होते. उद्या एखाद्या परिषदेत ते उभे राहतील, तो खालचा धोंडा पडद्यावर दिसेल, कोणी टाळ्या वाजवील. आणि त्यांना मात्र दिसतील रबरी हातमोजे काढून ठेवणारी दोन बोटे. न बोलण्याला वेळ लागत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. ते आपोआप घडते. काही महिने गेले की त्याला विसरणे म्हणता येते. आणि त्यांच्या वयाच्या माणसाने विसरले, तर कोणाला नवल वाटणार होते? ज्या भयाने त्यांची झोप उडविली होती, तेच भय आता पाठीवर हात फिरवून म्हणत होते: विसरा. तुम्हाला मुभा आहे.

हे ऐकताच ते उठले. 

कंपूत ते परतले तेव्हा दुकान जवळजवळ रिकामे होते. सोनिका डबा उघडून बसली होती. त्यांना पाहून तिने तोंडातला घास घाईने गिळला.

“बसा काका. काय जेवलात?”

“जेवलो नाही.”

“मग दुसरी टेस्ट कशी करणार? आई म्हणते तेच खरं, प्रोफेसर लोक दुसऱ्यांना सांगतात बस.” तिने डबा पुढे सरकविला. “आलूचा पराठा आहे. सुधाताईंच्या हातचा, मिरची संभाळून.” आईला ती थट्टेने नावानेच संबोधीत असे.

“सोनिका, ती बाटली कोरी नव्हती.”

तिने डबा होता तिथेच ठेवला. ते सांगू लागले. मराठीतले खाली आणि हिंदीतले खाली, तीन बाटल्या, खालचा धोंडा, दुपटीहून जास्त आलेला आकडा. ते क्रमाने, व्याख्यान द्यावे तसे सांगत होते, आणि सांगता सांगता त्यांना उमगले की हा नीटनेटका क्रम म्हणजेही एक आडोसा आहे. म्हणून मध्येच थांबून ते म्हणाले, “तुझी भांडी स्वच्छ होती. तुझ्याकडून काहीही चुकलं नव्हतं. आणि मी तुझ्या हातांविषयी एक वाक्य बोललो होतो, तुझ्या पाठीमागे. ते मी इथे उच्चारणार नाही. पण बोललो होतो.”

 कापसाचा एक बोळा घेऊन सोनिका तो बोटांत वळू लागली. वळून वळून त्याची वात झाली. तिच्या चेहऱ्यावर राग येईल, अशी त्यांनी तयारी ठेवली होती. आला तो एक विलक्षण थकवा. जणू इतके दिवस उचलून धरलेले काही तरी कुठे ठेवावे, ते तिला कळत नव्हते.

“मी घरी रोज धुवून बघायचे,” ती शेवटी म्हणाली. “कप, वाट्या. पुन्हा पुन्हा. आई ओरडायची, पाणी येत नाही नळाला, आणि तू काय करतेस. मला वाटायचं, मलाच दिसत नाही. सगळ्यांना दिसते ती घाण मलाच दिसत नाही.”

अभिरामरावांना मान वर करता येईना. त्या शरदापासून लष्करातल्या एका घरात एक म्हातारा आपल्या स्मृतीला पुन्हा पुन्हा चाचपून पाहत होता, आणि कंपूतल्या एका घरात एक मुलगी धुतलेली वाटी उजेडात धरून पाहत होती. दोघांच्या मध्ये एकच शब्द होता. आणि तो दोघांनाही येत होता.

“ताईंना माहीत आहे?” तिने विचारले.

नाही, असे म्हणता आले असते. तो शब्द अगदी जिभेवर होता, आणि त्याच्यामागे दहा वर्षांची, पायाला फोड आलेली मंजिरी उभी होती.

“आहे,” ते म्हणाले. “आत्ता सांगितलं मी.”

“मग काय म्हणाल्या?”

“म्हणाली, मी बघते.”

सोनिका हसली. ते हसू चांगले नव्हते. “‘बघते’ आणि ‘देखती हूँ’, यांचा अर्थ दोन्हीकडे सारखाच आहे काका. तिथे चूक नाही होत.”

काउंटरवरच्या टोपलीत नावे लिहिलेल्या नळ्या उभ्या होत्या. रस्त्यावरून एक टेम्पो गेला आणि त्या किंचित किणकिणल्या. अभिरामरावांनी खिशातून फोन काढला. मंजिरीचे नाव शोधले. तिला आधी सांगावे, सावध करावे, निदान तेवढे तरी बापाने करावे, असे कोणी तरी त्यांना आतून विनवीत होते. आणि सावध केले की ती काय बोलेल, तेही त्यांना कळत होते. त्यांनी फोन काउंटरवर ठेवला, त्याचा आवाज मोठा केला, आणि तो सोनिकाच्या बाजूला सरकविला. तिने एकदा त्यांच्याकडे पाहिले. नको, असे ती म्हणाली असती तर त्यांनी तो उचलून घेतला असता. ती म्हणाली नाही.

दुसऱ्याच घंटीला मंजिरीने उचलला.

“हां बाबा, पाठवली का रेती? लेबल नका लावू काही, मी इथे लावते.”

त्यांनी डोळे मिटले.

“ताई,” सोनिका म्हणाली, “मी सोनिका बोलतेय.”

 पलीकडून प्रयोगशाळेतल्या पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती, आणि तिच्यामागे, लक्ष देऊन ऐकले तर, कोणाचा तरी श्वास. सोनिका फोनकडे पाहत उभी होती. अभिरामराव वाट पाहत होते, ती त्या एका बारीक आवाजाची, ज्याने संभाषण तुटते. म्हातारी खोकत पुन्हा आत आली, बाकावर बसली, तिने पदर सावरला.

तो आवाज आला नाही. मंजिरीने फोन ठेवला नव्हता.